सासूबाईंचे गव्हांकुर आणि माझा ताप

कुणीही भेटलं की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला मला विचारतं, तुम्ही म्हणे गव्हांकुराच्या रसाने बरे झालात? जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गमध्ये मराठी घरं मोजकी, त्यामुळे बातमी फिरायला वेळ लागत नाही आणि फिरता फिरता ती बरीच सुधारते. मध्यंतरी हानोफरहून एका अनोळखी बाईंचा फोन आला. त्यांच्या भावाला माझ्यासारखाच आजार निघाला होता. रस किती घ्यायचा आणि उपाशीपोटी की जेवणानंतर, एवढंच त्यांना हवं होतं. मी म्हटलं, ताई, तो रस मी आयुष्यात एकदाच प्यालोय, आणि तोही उपचार सुरू व्हायच्या आधी. मग जरा चिडूनच त्या म्हणाल्या, मग तुमच्या घरी एवढे ट्रे कशाला होते?

प्रश्न रास्त होता, पण उत्तर फोनवर आटपण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो. आता माझ्या तपासण्या चांगल्या येतात. केस परत आलेत, आधीपेक्षा जरा कुरळे. तेव्हा पुढे माझं काय होतं याची काळजी न करता वाचावं. काळजी करण्यासारखी दुसरी एक गोष्ट यात आहे.

गाठ

माझा धंदा आवाज शोधण्याचा. गाडी खडबडीत रस्त्यावर गेली की डॅशबोर्डमागून कुठूनतरी कुरकुर येते, थंडीत दाराच्या आत काहीतरी टकटकतं. ते नेमकं कुठून येतं हे शोधायचा मला पगार मिळतो. त्यामुळे दाढी करताना मानेला गाठ लागली तेव्हा मी घाबरलो नाही. ती दुखत का नाही, दुसऱ्या बाजूला तशीच आहे का, बोटाने सरकते का, हे बघत बसलो. मेधा, म्हणजे माझी बायको, म्हणाली की हे सगळं हाउसआर्ट्स्टला, आपल्या नेहमीच्या डॉक्टरला, बघू दे. तिनेच वेळ घेतली.

त्यानंतर सोनोग्राफी झाली, गाठ काढली, ती तपासायला गेली आणि एका करड्या सकाळी मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवून लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, असल्याचं सांगितलं. आवाज चढवला नाही की उतरवला नाही. उपचार आहेत, ते कडक आहेत, बरेच लोक बरे होतात. मी प्रश्न विचारायला लागलो. हे मानेतच का सुरू झालं, चित्रात हे जे चमकतंय ते सगळं तेच का, औषध त्याला ओळखतं कसं. डॉक्टरीणबाई खुलल्या आणि चित्र काढून दाखवायला लागल्या. मेधाने टेबलाखालून माझी बाही ओढली.

पार्किंगमध्ये ती गाडीत बसली आणि तिने मला विचारलं, पार्कशाइब नीट लावली होती ना आपण? आता निघायचंच होतं, त्यामुळे गाडी कधी लावली ते दाखवणाऱ्या त्या तबकडीला काहीच अर्थ उरला नव्हता. मी बघून हो म्हटलं. मग ती रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, पण खरं सांगायचं तर डोक्यात ते चित्रच चाललं होतं. भीती मला दोन दिवसांनी वाटली, तीही बेकरीत. ब्रेड बांधून देताना काउंटरवरच्या मुलीने नेहमीसारखं विचारलं, "झोन्स्ट नॉख वास?" आणखी काही हवं का, एवढाच तो प्रश्न. मी पाकीट उघडं धरून उभाच राहिलो आणि मागे रांग लागली.

खिरीचा गहू

मेधाची नोकरी, आमच्या लेकीची, सानिकाची शाळा आणि माझे उपचार हे तिघांत जमणारं नव्हतं, म्हणून नाशिकहून सासूबाई आल्या. मेधाचे बाबा गेल्यापासून त्या एकट्या राहतात आणि कॉलनीतल्या निम्म्या लोकांना गच्चीवरचे गव्हांकुर पुरवतात. इथे येऊन त्या हेच करणार, हे विमानाचं तिकीट काढतानाच ठरलं होतं.

आमचं दोघांचं चांगलं आहे, पण ते सगळं मेधाच्या मार्फत. मी समोर ताट घेऊन बसलेला असतो आणि त्या मेधाला सांगतात, यांना विचार, अजून एक पोळी वाढू का. मीही मेधाला सांगतो, आईंना सांग, पुरे. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी जावई आणि सासूबाई यांच्यामध्ये मेधा कायम उभी. त्यात कुणाला काही वावगंही वाटत नव्हतं.

पहिला गहू मेधाने तुर्की दुकानातून आणला. सासूबाईंनी तो भिजवला, ओल्या फडक्यात बांधला, आणि त्याला मोडच येईनात. आधी त्यांनी इथल्या पाण्याला दोष दिला. मग चष्मा लावून दाणे तळहातावर घेतले आणि म्हणाल्या की हा सडलेला गहू आहे, खिरीचा. साल काढलेला दाणा उगवणार कसा? त्याची रीतसर खीर झाली. मग बिओच्या, म्हणजे सेंद्रिय मालाच्या, दुकानातून सालासकट गहू आला, घरकाम-बागकामाच्या सामानाच्या बाउमार्क्टमधून रोपांचे ट्रे आणि मातीची पिशवी आली, आणि ट्रे कमी पडले तेव्हा ओव्हनचा पत्राही कामाला लागला. रोज एक पेरायचा म्हणजे रोज एक कापायला मिळतो. ट्रेंना वारांची नावं पडली. सानिकाने त्यांच्यावर मोन्टाग, डीन्स्टाग अशा चिठ्ठ्या लावल्या. आजी मराठीत विचारायची, नात जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि दोघींचं छान चालायचं.

नोव्हेंबर होता. बाल्कनीत सगळं गारठून जायचं, म्हणून ट्रे हॉलच्या खिडकीत हायत्सुंगच्या, म्हणजे हीटरच्या, वर आले. पहिलं गवत कापलं त्या दिवशी सासूबाईंनी ते मिक्सरमधून काढून फडक्यातून पिळलं आणि स्टीलच्या फुलपात्रातून माझ्यापुढे ठेवलं. लॉन कापल्यावर जो वास येतो तो पिता आला तर कसा लागेल, तसं ते लागलं. थोडं गोडही होतं, आणि तेच जास्त विचित्र होतं. मी मेधाला मध्ये न घालता विचारलं, आई, यात नक्की असतं काय? त्यांनी सवयीने मेधाकडे पाहिलं. ती फोनवर होती. मग त्या मलाच म्हणाल्या, "रक्त वाढतं म्हणतात. मला काय माहीत. चार लोकांना बरं वाटलं."

मला हे उत्तर फार आवडलं. तोवर फोनवरून मला सल्ले देणाऱ्या प्रत्येकाला सगळंच माहीत होतं.

कच्चं नको

उपचाराच्या दिवसांचं वर्णन थोडक्यात करतो, कारण ज्याच्यावर ती वेळ येईल त्याला सगळं कळेलच. मोठ्या खुर्च्यांची रांग, प्रत्येकाशेजारी खांब, खांबावर टिकटिकणारा पंप. मला त्या पंपाचं वेड लागलं होतं. नळीत हवेचा बुडबुडा आला की तो कसा ओरडतो हे मी नर्सला इतक्यांदा विचारलं की तिने एकदा मला तो उघडूनच दाखवला. एक औषध लालभडक होतं. शेजारच्या खुर्चीतले आजोबा त्याला त्याच रंगाच्या दारूच्या नावाने कांपारी म्हणायचे. घरी आलो की दोन-तीन दिवस चहाला लोखंडाची चव यायची आणि फोडणीचा वास आला तरी पोट ढवळायचं. सासूबाई बिचाऱ्या दार लावून फोडणी करायच्या.

पहिल्या खेपेलाच डॉक्टरीणबाईंनी पथ्य सांगितलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली जातील, तेव्हा कच्ची कोशिंबीर नको, मोड आलेलं नको, घरात कुंडीतली माती नको, कुठे बुरशी नको. मी गव्हांकुराचं विचारलं. त्यांना ते समजावून सांगायला वेळ लागला. कच्चं? हो. मातीत? हो. "आल्झो, नाइन," त्या म्हणाल्या, म्हणजे मुळीच नको. मी विचारलं, का? त्या म्हणाल्या, ओल आणि ऊब यांवर जसं गवत वाढतं तसे जंतूही वाढतात, आणि एरवी तुमचं शरीर त्यांना पुरून उरतं, आता उरणार नाही. पटण्यासारखंच होतं.

हे सासूबाईंना सांगायचं काम मेधाकडे आलं. तिने निम्मं सांगितलं. म्हणाली, आई, कच्चं नको म्हणालेत. मातीचं आणि ट्रेंचं तिने गिळून टाकलं. नंतर स्वयंपाकघरात ती मला हळूच म्हणाली, "ते पण काढून घेतलं तर ती दिवसभर इथे करणार काय, सुहास?" बाहेर धुकं, गाडीशिवाय कुठे जाता येत नाही, भाषा येत नाही. मला ते पटलं. ट्रे तेवढे सासूबाईंच्या खोलीत हलवले आणि त्या खोलीचं दार बंद ठेवायचं ठरलं.

कच्चं नको म्हटल्यावर सासूबाईंनी फार विचार केला नाही. दुसऱ्या दिवशी गव्हांकुर बारीक चिरून, बेसनात कालवून, उकडून, तळून त्याच्या कोथिंबीर वडीसारख्या वड्या झाल्या. दिसायला सुरेख होत्या. चावायला लागलं की बेसन संपायचं आणि गवत उरायचं. मी शेळीसारखा एकेक वडी चघळत बसायचो. त्यातून औषधी काय उरलं असेल देव जाणे, पण तोंडाला चव नसताना काहीतरी कुरकुरीत लागत होतं, आणि मला तेवढं पुरत होतं.

दारातून

आजारी माणसाला वेळ फार. मी सोफ्यावर पडून असायचो. मेधा ऑफिसात, सानिका शाळेत, घरात आम्ही दोघंच आणि मध्ये बोलायला कुणी नाही. एकदा मीच आवाज दिला, आई, आज गुरुवार किती वाढला? त्या ट्रे घेऊन खोलीच्या दारात आल्या आणि तिथूनच दाखवला. पुढे ते रोजचंच झालं.

गवत खिडकीकडे झुकलेलं असायचं. त्यांनी ट्रे उलटा फिरवला तर संध्याकाळपर्यंत ते सरळ होऊन परत खिडकीकडे वळलेलं. सकाळी प्रत्येक पात्याच्या टोकावर पाण्याचा एकेक थेंब दिसायचा. सासूबाई म्हणाल्या, दव. मी म्हटलं, बंद खोलीत, हायत्सुंगवर, दव कसं पडेल? त्यांनाही ते पटलं. त्यांनी कोरड्या फडक्याने सगळी टोकं टिपून घेतली आणि खुर्ची ओढून बसल्या. थोड्या वेळाने दारात येऊन म्हणाल्या की परत आलेत, म्हणजे पाणी त्याच्या आतूनच येतंय. इतकी वर्षं गव्हांकुर लावते, पण हे कधी बघितलं नव्हतं, असंही म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी मेधा घरी आल्याआल्या तिला ते ऐकवलं, आणि मेधा आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली.

एकदा मुळांशी पांढरी लव दिसली आणि त्या घाबरल्या. पाणी फवारलं तर लव नाहीशी झाली. मग ती मुळांचीच आहे, बुरशी अशी पाण्याने जात नाही, असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. पुढच्या आठवड्यात मात्र एका ट्रेच्या कोपऱ्यात राखाडी ठिपका आला. तो पाण्याने गेला नाही आणि त्याला कुबट वास होता. त्यांनी तो ट्रे तसाच बाहेर नेऊन रिकामा केला, व्हिनेगरने धुतला आणि मला सांगितलं. बाकीचे ट्रेही काढा, असं काही मी म्हटलं नाही.

ताप

त्यानंतर दोनेक दिवसांनी दुपारी मला थंडी भरून आली. दात वाजायला लागले. ताप आला तर वाट बघायची नाही, ताबडतोब यायचं, हे आम्हाला बजावलेलं होतं. मेधा ऑफिसातून धावत आली. मला बूट घालता येईनात, तर सासूबाई खाली बसल्या आणि त्यांनी ते माझ्या पायात चढवले. जावयाच्या पायाला हात लावताना त्यांना काय वाटलं असेल, हे मला तेव्हा सुचलंही नाही.

हॉस्पिटलात एकट्याची खोली मिळाली. येणारा प्रत्येक जण मास्क, हातमोजे आणि झगा घालून यायचा. हातात सलाईन, त्यातून अँटिबायोटिक. त्या रात्री मी पहिल्यांदा मरणाचा नीट विचार केला. त्यात कुतूहल अजिबात नव्हतं, नुसती भीती होती. सानिकाचा चेहरा आठवायला लागलो तर तो नीट आठवेना, आणि त्याने मी आणखी घाबरलो.

मेधाला डॉक्टरांनी विचारलं, घरात काही कच्चं खाल्लं का, माती, बुरशी? तिने सगळं खरं सांगितलं. घरी गेल्यावर आईने तिला विचारलं, ते काय विचारत होते? तिने तेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मेधा आली ती डोळे सुजवूनच. सासूबाईंनी सगळे ट्रे बिओटोनेत, ओल्या कचऱ्याच्या डब्यात, रिकामे केले होते. खोली, खिडकी, फरशी, सगळं व्हिनेगरने घासलं होतं. जेवल्या नव्हत्या. पहिल्या विमानाचं तिकीट काढ म्हणत होत्या, मी इथे राहिले तर अजून काहीतरी करून बसेन. मेधा म्हणाली, मी तिच्यावर ओरडले, की माती नको हे तुला कळायला हवं होतं. तर ती म्हणाली, मला सांगितलंस का? "आणि मी सांगितलंच नव्हतं रे," मेधा म्हणाली, आणि मास्कच्या आत रडायला लागली.

कुठून आला

ताप उतरला. पेशी वर यायला लागल्या. मला बरं वाटायला लागल्याची खूण म्हणजे मी परत प्रश्न विचारायला लागलो. डॉक्टरीणबाईंना विचारलं, हे आलं कुठून? त्या म्हणाल्या, रक्ताच्या तपासणीत काहीच सापडलं नाही. बरेचदा सापडत नाही. बहुतेक वेळा जंतू आपल्याच तोंडातले, आतड्यातले असतात, एरवी निमूट राहतात आणि पहारा उठला की आत शिरतात. आणि गवत? असेल, नसेल. मी म्हटलं, ट्रेमधली माती तपासता आली असती. त्या हसल्या. म्हणाल्या, आम्हाला उपचार करता येतात, प्रत्येक वेळी उगम शोधता येत नाही.

माझ्या कामातही असं होतं. एखादा आवाज आम्हाला सापडत नाही. गाडी चाचणीला आली की तो गप्प बसतो. शेवटी, पुन्हा आढळला नाही, असं नोंदवून गाडी परत देतो. पण त्या गाड्या माझ्या डोक्यातून जात नाहीत.

घरी सोडायच्या दिवशी गाडीत मेधा म्हणाली, आपण आईला सांगायचं की डॉक्टरांनी तपासलं, गवताचा काही संबंध नाही, तुझ्याच पोटातल्या जंतूंनी झालं. एवढं खोटं कुणीही बोलेल. मी हो म्हटलं. मलाही त्या जायला नको होत्या, आणि तो दोष डोक्यावर घेऊन तर नकोच. वाक्य मनात दोनदा म्हणूनही पाहिलं.

पॅसेजमध्ये त्यांची बॅग भरून, पट्टा आवळून उभी होती. त्या स्वयंपाकघराच्या दारात होत्या. तोंडाला मास्क. व्हिनेगरने हात लाल होऊन भेगाळलेले. जवळ आल्या नाहीत. मेधाकडे त्यांनी बघितलंही नाही.

"सुहासराव, खरं सांगा. माझ्या गवताने झालं का?"

वाक्य तयार होतं. पण महिनाभर या बाईंनी दारात उभं राहून मला जे दिसलं तेच सांगितलं होतं, आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हटलं होतं. माझ्या तोंडून ते वाक्य निघेना.

"माहीत नाही, आई," मी म्हणालो. मग डॉक्टरीणबाई जे बोलल्या ते सगळं सांगितलं, काही न गाळता. "झालं असेल, नसेलही. ते आता कुणालाच कळणार नाही."

मागे मेधाने किल्ल्या जोरात आपटल्या. सासूबाई तिथल्याच स्टुलावर बसल्या. त्यांची नजर बॅगेवर गेली. मला वाटलं, मी त्यांना घालवलं.

"मेधाच्या बाबांच्या आजारपणात त्यांना पाणी मोजून, मीठ मोजून मीच द्यायचे," त्या म्हणाल्या. "ते गेले, तर सगळे म्हणाले, तुमचं काही चुकलं नाही. डॉक्टर म्हणाले, दीर म्हणाले, हीपण म्हणाली. मी विचारायच्या आधीच म्हणाले. मला एकदाही ते खरं वाटलं नाही. माहीत नाही, असं कुणी म्हणालं असतं ना, तर मला झोप लागली असती."

मेधा माझ्या मागे उभी होती. ती पुढे येऊन आईशेजारी जमिनीवर बसली. सासूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण बघत माझ्याकडेच होत्या.

"भूक लागली आहे का तुम्हाला?" त्यांनी विचारलं. "एवढं तरी माहीत असेल."

"लागली आहे," मी म्हणालो.

त्या उठल्या. मेधाला म्हणाल्या, ती बॅग आत नेऊन ठेव, मी खिचडी टाकते.